बुटाची माती

खऱ्या मंत्राला अंतराची आडकाठी नसते, असे आमच्या तांड्यावरच्या भगताचे ठाम मत होते. माणूस काशीला असो की मुंबईला, बोलावणे पोचले की तो उठतो आणि चालत घरी येतो. मंत्राला नसेल आडकाठी; मला होती. दिग्रसची पहिली एस.टी. चुकली की यवतमाळला वणीची गाडी चुकायची, आणि वणीची चुकली की राजूरला पोचेस्तोवर दुसरा दिवस उजाडायचा. या प्रकरणात मंत्राची ने-आण माझ्याकडे होती, म्हणून मला हे तपशील ठाऊक आहेत.

अठ्ठावन्न साली मी दिग्रस आणि आर्णीच्या मधल्या एका तांड्यावर एकशिक्षकी शाळेत रुजू झालो. यवतमाळहून निघताना आईने दशम्या बांधून दिल्या आणि बजावले, "कोनाच्या घरचं पान खाऊ नको." आमच्या गल्लीतला एक मुलगा असाच नोकरीवर गेला, कुणाकडे तरी विडा खाल्ला आणि तिथेच घरजावई होऊन बसला. विड्यात मोहिनी होती. त्या घरजावयाला मी पुढे एकदा भेटलो. सासऱ्याची वीस एकर ओलिताची जमीन होती. एवढ्या जमिनीला विड्याची मदत लागत नाही. पण हे मी आईला सांगितले नाही. ती म्हणाली असती, जमीन दिसावी म्हणूनच विडा दिला.

तांड्यावर आलो तर तिथे नेमकी हीच भीती आमच्याविषयी होती. तांड्याच्या मुखियाचा, म्हणजे नायकाचा, पुतण्या यवतमाळला शिकायला गेला तो तिकडेच रमला, सुटीतही येईना. त्याला शहरातल्या कुणा बाईने चहातून काहीतरी घातले, यावर सगळ्यांचे एकमत होते. मोहिनी नेहमी दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात तयार होत असे. नायक मला फार मानी, घरी बोलावून भाकरी वाढी. पण माझ्या खोलीवरचा चहा त्याने सहा वर्षांत एकदाही घेतला नाही.

पहिली दोन वर्षे मी वाद घातले. माझ्याकडे पुस्तकांची एक ट्रंक होती आणि तरुणपणाचा जोर होता. ट्रंकेचा परिणाम उलटा झाला. एवढी पुस्तके वाचणारा माणूस मंत्र जाणत नाही हे कुणाला पटेना. तो सांगत नाही एवढेच. मग एकदा ब्लॉकातून एक साहेब जीपने आले आणि नायकाच्या ओट्यावर उभे राहून त्यांनी भोळ्या समजुतींवर तासभर भाषण केले. भाषण सुरू करायला वीस मिनिटे उशीर झाला, कारण राहुकाळ संपायचा होता. केंद्रशाळेचे हेडमास्तर साहेबांच्या शेजारी बसून मान डोलवीत होते. त्यांच्या बोटात मासिकातली जाहिरात पाहून पंजाबातून मागवलेली वशीकरणाची अंगठी होती. मी विचारले तेव्हा म्हणाले, "नुसती पाहायला मागवली." पाहायला मागवलेली अंगठी त्यांनी दोन वर्षे घातली, आणि घरी त्यांच्याशी जेवढे बोलणे होई तेवढेच होत राहिले. त्या भाषणानंतर मी वाद सोडला. मला पटले होते असे नाही. थकलो होतो.

तर हे प्रकरण. तांड्याच्या खालच्या अंगाला एक घर होते. म्हातारा, म्हातारी, त्यांचा एकुलता मुलगा आणि सून. मुलगा राजूरच्या कोळसा खाणीवर कामाला गेला. ज्यांचे आजे-पणजे बैलांवर मीठ आणि धान्य लादून अर्धा मुलूख तुडवत, त्या लोकांना राजूर म्हणजे परलोक वाटे. पहिल्या होळीला तो घरी आला, नाचला, सासऱ्याच्या गावाहून आलेल्या पाहुण्यांना खाणीच्या गोष्टी सांगून परत गेला. दुसऱ्या होळीला आला नाही. मग निरोपही थांबले. सात एकर शेत होते. पऱ्हाटी, तूर, थोडी ज्वारी. म्हाताऱ्याला दम लागे. शेत सून करी. वीस-बावीस वर्षांची असेल. कोळपणीच्या डवऱ्यामागे चालताना मी तिला शाळेच्या खिडकीतून पाहत असे, आणि तिची तासे तिच्या सासऱ्याच्या तासांपेक्षा सरळ असत.

तांड्याचे निदान तयार होते: राजूरच्या कोण्या बाईने त्याला बांधले. नवरा सोडून गेला, असे कुणी म्हणत नसे. त्याला नेले, त्याला धरून ठेवले. या बोलण्यात मला पूर्वी अडाणीपणा दिसे. पुढे पुढे त्यातली सोय दिसू लागली. सोडून गेलेला माणूस परत येत नाही. बांधलेल्याची गाठ सोडवता येते.

सुनेला मात्र मुदत होती. तिचे दोघे भाऊ दसऱ्याला येऊन सांगून गेले होते: दिवाळी झाली की बहिणीला घेऊन जाणार, आणि दुसरे घर पाहून देणार. "जित्या मानसाची विधवा होऊन कायले राहावं तिनं?" असे थोरला भाऊ नायकासमोर म्हणाला होता.

त्या दिवाळीत मी भाऊबिजेला बहिणीकडे राजूरला जाणार होतो. मेव्हणे तिथे कोळशाच्या ऑफिसात कारकून होते. रजेचा अर्ज लिहायच्या आधी ही बातमी तांड्यात पोचली. दुपारी शाळा सुटल्यावर सासू आणि सून ओट्याशी येऊन उभ्या राहिल्या. सासूने बोलायला सुरुवात केली.

"मास्तर, राजूरले जाऊन राह्यले म्हनते तुमी?"

"हो. बहिणीकडे."

"मंग आमचं येक काम करजा. त्याच्या पायाची माती आनजा."

भगताच्या सूचना तिला पाठ होत्या. उजव्या पायाचा उमटलेला ठसा हवा. माती हातानेच उचलायची, लोखंड लावायचे नाही. कापडात बांधायची, कागदात नाही. उचलताना कुणाशी बोलायचे नाही, आणि उचलून झाल्यावर मागे पाहायचे नाही. ती माती चुलीमागे पुरली की माणूस आपल्या पावलामागे घरी येतो.

मी म्हणालो, निरोप सांगतो, चिठ्ठी लिहून देतो, हवे तर त्याला चार शब्द सुनावतो. माती वगैरे मी मानत नाही.

मागे उभी असलेली सून पुढे आली. ती म्हणाली, "तुमी कायले मानता मास्तर? मानायचं काम आमी करतो. तुमी आना फक्त."

"आन कपडा घेऊन जा," सासू म्हणाली, "तुमच्या रुमालाले शाईचे डाग असते." तिने आपल्या घागऱ्याच्या जुन्या कापडाचा एक लाल तुकडा पुढे केला. मी तो घेतला. नाही म्हणण्यासाठी पुन्हा तासभर बोलावे लागले असते.

राजूरला सगळ्यांवर एक काळा थर असतो. झाडांवर, कुत्र्यांवर, दारातल्या रांगोळीवरसुद्धा. आमच्याकडची काळी माती पावसाने चिकटते, उन्हाने भेगाळते, तिला काहीतरी स्वभाव असतो. इथला काळेपणा नुसताच बसलेला. भाऊबीज झाली, बहिणीने ओवाळले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाळी बदलायच्या वेळी मी खाणीच्या फाटकापाशी जाऊन उभा राहिलो. म्हाताऱ्याच्या मुलानेच मला आधी ओळखले.

"मास्तर! तुमी इकडं कसे बाप्पा?" म्हणून त्याने हात जोडले. तोंडावर कोळसा, दात पांढरे, माणूस खुशीत. त्याने मला हॉटेलात नेऊन चहा पाजला. पांढऱ्या बैलाचे शिंग बरे झाले का, तूर कशी आहे, बापाचा दम कसा आहे, सगळे विचारले. बायकोचे विचारले नाही. मी त्याच्या पायांकडे पाहिले, आणि कामातली अडचण तिथेच लक्षात आली. त्याच्या पायात बूट होते. घोट्याच्या वरपर्यंत येणारे, जाड तळाचे.

"कंपनीनं देल्ले," तो म्हणाला. माझी नजर त्याला कौतुकाची वाटली. "आता काटा नाई, इचू नाई. झोपतानीच काढतो."

मग त्याने खोली दाखवायला नेले. एकाला एक लागून चाळ होती. त्याच्या दारासमोर दोरीवर हिरव्या काठाचे लुगडे वाळत होते, आणि लुगड्याशेजारी वितभर कापडाची तीन लंगोट्या. तो बोलता बोलता थांबला. मी लंगोट्यांकडे पाहिले नाही, त्याने मला आत बोलावले नाही. "मास्तर, घरी सांगजा, मी बरा हाय," एवढे तो म्हणाला. मी सांगतो म्हणालो. चार शब्द सुनावण्याचे मी कबूल करून आलो होतो. ते शब्द मला बहिणीच्या घरी परतल्यावर आठवले.

चाळीच्या टोकाला नळ होता. आम्ही तिथूनच गेलो होतो, आणि नळापाशी ओल्या कोळशाच्या चिखलात त्याच्या उजव्या बुटाचा ठसा चांगला ठसठशीत उमटला होता. मी आजूबाजूला पाहिले. मग खाली बसलो, बोटांनी तो ठसा खरवडला आणि लाल कापडात बांधला. पुस्तकांची ट्रंक बाळगणाऱ्या माणसाने त्या स्थितीत काय विचार करावा हे कुठल्याही पुस्तकात नव्हते.

"काय पडलं गुरुजी?" नळावर आलेल्या एका माणसाने विचारले.

बोलायचे नाही, असा नियम होता. मी म्हणालो, "बटन." आणि सापडले का हे विचारायला तो माझ्यामागे थोडा चालत आला, म्हणून मला मागेही पाहावे लागले.

परत आलो त्या दिवशी म्हाताऱ्याच्या घरी चुलीपुढे सगळे जमले होते. भगत साठीचा, कृश, मोजके बोलणारा माणूस. दिवसा तो लोकांची गुरे चारी. त्याने गाठ सोडली. सासूने चिमूटभर माती बोटांत घेऊन चोळली.

"हे माती हाय का राख?"

"कोळसा आहे," मी म्हणालो. "तिकडे सगळे असेच असते."

"बरा हाय का तो?"

"बरा आहे. तसं सांगायला सांगितलंय."

भगताने माझ्याकडे पाहिले. "पाय उघडा होता ना, मास्तर?"

इथे मला खोटे बोलता आले असते. पण हिरव्या काठाचे लुगडे मी पोटात ठेवून बसलो होतो, आणि एका बैठकीत दोन गोष्टी लपवण्याइतके बळ माझ्यात उरले नव्हते. "बूट होते," मी म्हणालो.

भगताने चिखलाचा गोळा तळहातावर उलटसुलट केला. एखादा न्यायाधीश निकाल देण्याआधी जसा छताकडे पाहतो तसे त्याने आढ्याकडे पाहिले. गुरूने शिकवलेल्या विद्येत बूट आलेच नसणार. त्या काळी पावलाला वहाणेचे कातडे लागले तरी ते पावलाबरोबर झिजून पाऊलच झालेले असे. शेवटी तो म्हणाला:

"बुटाची माती बुटाले आनते."

"आन मानसाले?" सासूने विचारले.

"मानूस बुटात असन तं येईन."

मी पुष्कळ शास्त्री आणि वकील ऐकले आहेत. पळवाट इतकी आधी, इतकी कमी शब्दांत ठेवलेली क्वचितच ऐकली. माती पुरायचे तरी ठरले. पुरल्यावर होळीची राख तिच्यावर पडेपर्यंत घरच्या बाईने घर सोडून परगावी जायचे नाही, नाहीतर येणारा वाटेत अडतो, असेही भगताने सांगितले. सुनेने स्वतःच्या हाताने खड्डा केला.

दुसऱ्या दिवशी पाणी भरून परतताना ती शाळेच्या ओट्याशी थांबली. डोक्यावर दोन हांडे होते, ते तिने उतरवले नाहीत.

"मास्तर, तिकडं बाई हाय ना?"

मी म्हणालो, "लुगडं वाळत होतं."

"कोन्या काठाचं?"

"हिरव्या."

"नवं का जुनं?"

"जुनं."

यावर तिने मान हलवली. हांड्यांतले पाणी हलले नाही. लेकराचे तिने विचारले नाही आणि मी सांगितले नाही. मीच विचारले, "तुला ठाऊक होतं, तर मग माती कशाला मागवली?"

"माती पुरली, आता होळीपरेंत माहे भाऊ मले नेऊ शकत नाई," ती म्हणाली. "तवर कापूस येचून होते." आणि चार पावले गेल्यावर, मागे न वळता, "आन आले तं आले."

ते शेवटचे वाक्य तिने हिशोबात धरले होते की नव्हते, हे मला आजही सांगता येत नाही.

भाऊ दिवाळीनंतर आले. सासूने त्यांना चुलीमागची जागा दाखवली, भगताचा नियम सांगितला. धाकटा हसला, थोरला हसला नाही. पुरलेल्या मातीला दुखवून बहिणीला नेले आणि पुढे तिला काही झाले, तर दोष कुणाच्या माथी? ते जेवून परत गेले. मी पाहिलेल्या सरकारी स्थगिती आदेशांपेक्षा हा आदेश चांगला चालला. कापूस वेचून झाला, तूर खळ्यात आली.

होळी आली. तांड्यावर होळीइतका मोठा सण नाही. दोन दिवस गाणी, नाच, डफ. त्या घरातल्या तिघांनी दोन्ही दिवस रस्त्याकडे पाहिले. म्हातारा तर खाट उचलून नाक्यावरच जाऊन बसला. कुणी आले नाही. राख आणून चुलीमागे टाकली, आणि मुदत संपली. भावांचा निरोप आला की येत्या बाजाराच्या दिवशी गाडी घेऊन येतो.

बाजाराच्या आदल्या दिवशी शेजारच्या तांड्यावरचा एक माणूस राजूरहून सुटीवर आला. त्याने एक गाठोडे आणून म्हाताऱ्याच्या खाटेवर ठेवले. पोराने बापासाठी पाठवले, म्हणाला. कंपनीने त्याला नवे दिले, म्हणून हे. गाठोड्यात बूट होते.

मला बोलावणे आले तेव्हा अर्धा तांडा अंगणात होता. भगत गुरे सोडून आला होता आणि काहीच बोलत नव्हता. त्याची गरजही नव्हती. त्याचे वाक्य सगळेजण एकमेकांना ऐकवत होते. चार महिन्यांपूर्वी याच घरात मी काय आणले आणि भगत काय बोलला, याचा पहिला साक्षीदार मीच होतो.

म्हाताऱ्याने बूट घालून पाहिले. नायकासमोर तीन पावले चालला आणि भिंतीला धरून उभा राहिला. "यात पाय कोठी हाय तेच समजत नाई ना," म्हणून त्याने ते काढून टाकले.

मग सुनेने एक बूट उचलला. ती तो उलटा करून बराच वेळ पाहत राहिली. तळ टाचेच्या बाहेरच्या अंगाने झिजला होता. "ते असेच चालते," ती नवऱ्याच्या चालीविषयी म्हणाली, सासूला उद्देशून, पण सासूने ऐकले नाही. सासू उद्याची तयारी करत होती. भाऊ आले तर त्यांना काय सांगायचे, ते ती शेजारणीला आताच मोठ्याने सांगत होती: मंत्र लागला. बूट आले. आज बूट आले, उद्या मानूस येईन. आता बाईला नेनं म्हंजे अर्ध्या रस्त्यातून मानूस परत धाडनं.

भाऊ दुसऱ्या दिवशी आले आणि हेच त्यांना सांगण्यात आले. बूट ओट्यावर शेजारी शेजारी मांडून ठेवले होते. थोरल्याने ते दुरूनच पाहिले, भगताकडे पाहिले, मग बहिणीकडे.

"तुह्यं काय म्हननं हाय, बाई?"

"माहं काय म्हननं राहीन?" ती म्हणाली. "बूट आले ना घरी."

गाडी रिकामी परत गेली, आणि पुन्हा तिला न्यायला कुणी आले नाही.

चौसष्ट साली माझी बदली झाली तोपर्यंत बूट घालणारा माणूस आला नव्हता. ती त्या घरीच होती. बुटांत पुढे सरकी काढलेला कापूस कोंबून ती ते शेतात घाली. पऱ्हाटीच्या ओळीत साप फार असत आणि तांड्यातल्या इतर बायका अनवाणी वेचत, तेव्हा सुरुवातीला पुष्कळ थट्टा झाली. "नवरा आला वं, पायात आला," असे एकजण बांधावरून ओरडली होती. दुसऱ्या वर्षी थट्टा थांबली, तिसऱ्या वर्षी दोघींनी तिच्याकडे ते मागून पाहिले. तिने दिले नाहीत.

बूट आले त्या दिवशीची एक गोष्ट सांगायची राहिली. सगळे पांगल्यावर तिने उजवा बूट माझ्यासमोर धरला. आत, टाचेपाशी, काहीतरी उमटवलेले होते. तिला अक्षर येत नव्हते. "मास्तर, आत लिवलं हाय," ती म्हणाली, "काय म्हनते?" सासूही चूल सोडून जवळ आली, आणि भगतही दारात थांबला. मी तो उजेडाकडे तिरपा केला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिले.

बूट नऊ नंबरचा होता.